मेंदू दुखत नाही, डोकं दुखतं

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची नात अकरावी सायन्सला आहे. ती म्हणते, मेंदूला वेदना कळतच नाहीत, माणूस जागा असताना मेंदू कापला तरी त्याला काही होत नाही. ताई विचारतात, मग महिन्यातून चारदा माझं डोकं ठणकतं ते काय? मेंदू हाताला लागतो तरी कसा, अक्रोडासारखा टणक की लोण्यासारखा? आणि जाता जाता घरातलं भांडणही माझ्यापुढे ठेवलंय: सून तान्ह्याच्या टाळूला तेल लावू देत नाही, खाली थेट मेंदू आहे म्हणते.

ताई, नात बरोबर आहे, सून अर्धी बरोबर आहे, आणि तुमचं डोकं दुखतं तेही खोटं नाही. मी मुंबईत तीसेक वर्षं मेंदूच्या शस्त्रक्रिया करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी अक्रोड डोक्यातून काढून टाका. घड्या तशाच दिसतात, पण साम्य तिथेच संपतं. खरवस आठवा. पहिल्या दिवसाच्या चिकाचा, सुरीने वड्या पडणारा नव्हे. तिसऱ्या दिवसाच्या पातळ चिकाचा, ताटली हलवली की थरथरणारा आणि चमचा टेकताच कड मोडणारा. किंवा कोवळ्या शहाळ्यातली मलई. जिवंत मेंदू या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, त्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी, आणि पाणी काढून जे उरतं त्यातही मोठा वाटा स्निग्ध पदार्थांचा. तेव्हा लोण्याचा तुमचा अंदाज तसा फार चुकला नव्हता.

रंगही पुस्तकातला नसतो. ‘करडा भाग’ हे नाव मेलेल्या मेंदूवरून पडलंय. जिवंत मेंदूचा पृष्ठभाग फिकट गुलाबी, मोतिया असतो, त्यावर लालभडक आणि जांभळट रक्तवाहिन्यांची नक्षी आणि वर ओलसर चकाकी. आणि तो हलतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर बारीक उडतो, श्वासाबरोबर सावकाश वरखाली होतो. कवटी उघडल्यावर ड्यूरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, अजून बंद असतं. तेव्हा आम्ही पहिली गोष्ट बघतो ती हीच. मऊ आणि धडधडता असेल तर जीव भांड्यात पडतो. ताणलेला, निश्चल असेल तर भूलतज्ज्ञाकडे बघून ‘मॅनिटॉल (मेंदूचा दाब उतरवणारं औषध) गेलंय ना?’ असं विचारलं जातं आणि खोलीतल्या गप्पा थांबतात. कवटी हा बंद डबा आहे. आत मेंदू, रक्त आणि पाणी या तिघांनी जागा वाटून घ्यायची असते. एक फुगला की दुसऱ्यांना सरकावं लागतं, आणि सरकायला जागा उरली नाही की दाब चढतो. अशा वेळी ड्यूरा घाईने उघडली तर मेंदू त्या भोकातून उतू जाणाऱ्या दुधासारखा बाहेर येऊ लागतो. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

वैद्यकीयच्या मुलांना मात्र या मऊपणाचा पत्ताच नसतो. डिसेक्शन हॉलमधला मेंदू फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला असतो, पनीरसारखा घट्ट. हातात धरा, उलटा करा, सुरीने काप काढा, काही बिघडत नाही. शवविच्छेदनात कवटीतून नुकता काढलेला मेंदू टेबलावर ठेवला की स्वतःच्या वजनाने पसरतो, बसतो. म्हणून तो तपासणीसाठी ठेवायचा असेल तर तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवतात आणि फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा, तरंगता टांगतात. बादलीच्या तळाला टेकला तर तिथे कायमचा चपटा होतो. दोनेक आठवड्यांनी तो कापण्याजोगा होतो. भेंडीबाजारात भेजा फ्राय खाणाऱ्यांनी मेंदू मऊ असला तरी आकार धरतो असं म्हणू नये. तो उकळून घट्ट केलेला असतो. घरी भेजा आणून साफ करणाऱ्यांना खरी गोष्ट ठाऊक असते: वरची रक्ताच्या रेषांची पातळ साल सोलताना जरा नख लागलं की खालचा गर निघून येतो. ती साल म्हणजे मेंदूची आतली दोन आवरणं. आमचं निम्मं आयुष्य त्या सालीला नख न लागू देण्यात जातं.

इतका लिबलिबीत अवयव जन्मभर डोक्यात बसून चपटा कसा होत नाही? कारण तो बसलेला नसतोच, तरंगत असतो. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात मिळून सुमारे १५० मिलिलिटर स्वच्छ पाणी असतं. दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. विहिरीत बुडवलेली कळशी पाण्याखाली हलकी लागते, तसं या पाण्यात १४०० ग्रॅमच्या मेंदूचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास भरतं.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडे घरातले घाबरतात, माणूस लुळा होईल म्हणतात. तसं होत नाही, सुई जिथे जाते तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. पण नंतर एखाद्याला उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. सुईच्या भोकातून पाणी झिरपतं, मेंदूखालची गादी कमी होते, तो खाली ओघळतो आणि वरची आवरणं ओढली जातात. दुखतात ती आवरणं.

म्हणजे नातीच्या मुद्द्यावर आलो. वेदना टिपणारी चेतातंतूंची टोकं तुमच्या बोटात आहेत, दातात आहेत, डोळ्याच्या बुबुळावर तर खच्चून आहेत. मेंदूच्या गरात नाहीत. पायाला काटा रुतला की ‘दुखलं’ हे मेंदूत ठरतं, पण खुद्द मेंदूत काटा रुतला तर सांगायला कोणी नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्सन रे आणि हॅरॉल्ड वुल्फ या दोघांनी १९४० साली, जाग्या पेशंटांच्या शस्त्रक्रियांतून डोक्यातलं नेमकं काय काय दुखतं याचा हिशेब छापला. कातडी दुखते, स्नायू दुखतात, कवटीवरचा पातळ पापुद्रा दुखतो. आत ड्यूराचा काही भाग, विशेषतः मोठ्या रक्तवाहिन्यांजवळचा आणि कवटीच्या तळाचा, चांगलाच दुखतो. मोठ्या शिरा आणि तळाच्या धमन्या दुखतात. मेंदूचा गर दुखत नाही. आम्ही आजही भूल देताना याच नकाशावर चालतो.

तुमचं ठणकणं बहुधा यातल्याच कशातून येत असणार. अर्धशिशीत ड्यूरा आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडलेली पाचवी नस चाळवते. तीच नस कपाळ, डोळा, गाल, दात यांचाही कारभार बघते, त्यामुळे दुखणं एकीकडचं आणि जाणवतं दुसरीकडे. चौपाटीवर बर्फाचा गोळा घाईने खाल्ला की कपाळात कळ जाते ना? गार पडलेला असतो तोंडातला वरचा भाग, ओरडतं कपाळ. मानेचे स्नायू आखडले तर डोकं मागून दुखतं. महिन्यातून चारदा ही काही विचित्र गोष्ट नाही, पण डॉक्टरला एकदा दाखवा, आणि मनाने गोळ्या घेत असाल तर मोजून लिहून ठेवा. साधी दुखीची गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस घेणाऱ्यांचं डोकं पुढे त्या गोळीपायीच दुखू लागतं. अचानक, क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, किंवा दुखण्याबरोबर हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, शुद्ध हरपू लागली, तर मात्र डॉक्टरची वेळ घेत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

वेदना नाही म्हणजे मेंदू निबर आहे असा अर्थ कोणी काढू नये. इतका हळवा अवयव शरीरात दुसरा नाही. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असून ऑक्सिजनचा सुमारे पाचवा हिस्सा खातो, साठवण काही नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. पक्षाघातात मोठी रक्तवाहिनी बुजली की उपचाराविना दर मिनिटाला १९ लाखांच्या आसपास चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. आणि इतकं सगळं घडत असताना दुखत नाही. म्हणून तर लोक ‘जरा हात जड वाटतोय, झोपून बघतो’ म्हणतात आणि सकाळी येतात. छातीत कळ आलेला माणूस टॅक्सीत बसतो, पक्षाघात झालेला पांघरूण घेतो.

मला हे पुस्तकाने शिकवलं नाही. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, कुठल्या हॉस्पिटलात ते राहू द्या. डाव्या बाजूची खोल गाठ होती आणि माझ्या हातात रिट्रॅक्टर, म्हणजे मेंदू बाजूला धरायची पातळ पट्टी. सर खाली काम करत होते, मी पाच तास उभा. मधे केव्हातरी पाठ भरून आली आणि मी नकळत हातावर भार टाकला. दोन-तीन मिलिमीटरच गेला असेल. पेशंट भुलीत, मॉनिटर शांत, रक्त नाही, आवाज नाही. पोटात आतडं ओढलं तर नाडी तरी बदलते. इथे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला त्या गृहस्थांना पेन दाखवून हे काय म्हणून विचारलं. ते पेनाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘ते... लिहायचं.’ नाव येईना. घड्याळ, चावी, तेच. सर मला काही बोलले नाहीत, त्याने जास्त लागलं. अकराव्या दिवशी त्यांनी बायकोला हाक मारून चष्मा मागितला, ‘चष्मा’ म्हणून, तेव्हा मी वॉर्डाबाहेर जाऊन पाणी प्यायलो.

आता शक्य तिथे आम्ही ती पट्टी टाळतोच. डोकं अशा कोनात पक्कं करायचं की मेंदू स्वतःच्या वजनाने बाजूला पडेल. मग भेगांमधलं पाणी हळूहळू काढून घ्यायचं, की तो आपणहून सैल होतो, वाट देतो. दहा मिनिटं नुसतं पाणी निथळण्याची वाट बघणं तरुण सर्जनला फार जड जातं. मेंदूवर ठेवायच्या कापसाच्या पट्ट्या भिजवलेल्याच हव्यात, कोरडा कापूस चिकटतो आणि उचलताना साल घेऊन येतो. आमच्या थिएटरमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य ‘सिस्टर, पाणी’ हेच असेल.

बोटाने मेंदू चाचपणारा सर्जन आता विरळा. आमचं बोट म्हणजे सक्शनची दोन-तीन मिलिमीटरची नळी. तिच्या टोकाला मेंदू आणि गाठ यातला फरक कळतो, आणि तो शब्दांत शिकवता येत नाही. आवरणातून वाढलेली गाठ टणक असते, कधी कधी वाळू मिसळल्यासारखी कचकचते. मेंदूतूनच उगवलेली वाईट गाठ पुष्कळदा करडी, मेंदूहून थोडीच वेगळी, बुळबुळीत, आणि तीच जास्त फसवी कारण ती संपते कुठे ते हाताला कळत नाही. एक जात मोत्यासारखी पांढरी असते, मेणाच्या पापुद्र्यांसारखी सुटी सुटी निघते. आपल्याकडे अजूनही दिसणारी क्षयाची गाठ घट्ट, पिवळट, कापली तर आत चीजसारखी. सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा पेशंटवर वापरला गेला. त्याआधीची मंडळी अंदाजाने एक बोथट नळी मेंदूत सरकवत आणि शिजलेल्या भातातून जाताना मधेच कच्चा बटाटा लागल्यासारखा अडथळा आला, की गाठ तिथे. माझ्या सरांना हे त्यांच्या सरांनी सांगितलं होतं. ऐकूनच माझ्या अंगावर काटा येतो.

मऊपणाचा आणखी एक तोटा. मेंदू दाबला तर पाण्यासारखा फारसा आक्रसत नाही, पण खेचला, पिळला तर चटकन फाटतो. खरवसाचा डबा घेऊन सकाळची कर्जत फास्ट पकडा आणि दादरला उतरून झाकण उघडा. डबा शाबूत, आत रबडी. अपघातात कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो कपाळामागच्या खडबडीत हाडावर आणि कानशिलाच्या टोकावर घासतो, आत लांब तंतू ताणले जाऊन तुटतात. दारात लटकून खांब लागलेली मुलं, हेल्मेट हँडलला अडकवून बाइक चालवणारी मुलं... कवटीला साधी भेगही नसते आणि मुलगा शुद्धीवर येत नाही. बापाला काय समजावणार? तो म्हणतो, डोकं तर फुटलंच नाही.

म्हाताऱ्यांचं उलट असतं. वयाने मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदूमधल्या बारीक शिरा ताणून राहतात. न्हाणीघरात पाय घसरतो, टेंगूळही येत नाही, आणि तीनेक आठवड्यांनी आजोबा विसरायला लागतात, एक पाय ओढतात. घरचे म्हणतात वय झालं. खरं तर तुटलेल्या शिरेतून रक्त हळूहळू साठत गेलेलं असतं. कवटीला दोन भोकं पाडली की ते जुन्या इंजिन ऑइलसारखं काळं पाणी होऊन वाहतं. पुष्कळ आजोबा दुसऱ्या दिवशी पेपर मागतात.

आता सुनेचं. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न भरलेली जागा, बहुतेक मुलांची दीड वर्षापर्यंत भरते. धडधडते, कारण खालचा मेंदू आणि रक्तवाहिन्या धडधडतात. पण कातडी आणि मेंदू यांच्यामध्ये चिवट पडदा आहे, मग ड्यूरा, मग पाणी. हलक्या हाताने तेल लावल्याने काही बिघडत नाही. तेल मेंदूपर्यंत पोचत नाही, ना मेंदू थंड करायला ना तल्लख करायला. ‘टाळू भरायची’ म्हणून दाबू मात्र नका. जुलाब-उलट्यांत टाळू आत बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय, आणि शांत, बसवलेल्या मुलाची टाळू फुगून ताठ दिसली तर आत दाब वाढला असू शकतो. दोन्ही वेळा तेलाची वाटी खाली ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. सुनेची खरी काळजी टाळूपेक्षा मानेची असू द्या. तान्ह्या मुलाच्या मेंदूत जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, आपल्याहूनही मऊ, आणि मान डोकं पेलत नाही. रडतं म्हणून खांदे धरून गदागदा हलवणं मुलाच्या जिवावर बेतू शकतं. पाळण्याचा झोका चालतो.

राहिली नातीची जागेपणीची शस्त्रक्रिया. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३० च्या दशकात ती नावारूपाला आणली: फिट येणाऱ्या पेशंटला जागं ठेवायचं, मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करायचा आणि काय होतं ते त्यालाच विचारायचं. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. आज मुंबईत ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही. भाषेच्या किंवा हातापायाच्या केंद्राजवळ गाठ असली की करतो. डोक्याच्या कातडीला इंजेक्शनं देऊन ती बधिर करायची. ती इंजेक्शनं झोंबतात, तेव्हा बहुतेकांना थोडं गुंगीत ठेवतो. कवटी कापताना दुखत नाही पण कवटीभर आवाज घुमतो, गिरणीत बसल्यासारखा. मग जागं करायचं आणि गप्पा सुरू.

मागे एक रेल्वेतले काका होते, जन्म सेंट्रल लाइनवर गेलेला. आकडे मोजायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून म्हटलं स्टेशनं म्हणा. ‘दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर...’ मी काही मिलिअँपियरचा प्रवाह एकेका घडीला लावत चाललो होतो. एका जागी टोक टेकलं आणि ‘विक्र’वर गाडी उभी. तोंड उघडं, आवाज नाही. टोक उचललं, ‘विक्रोळी, कांजूर’. पुन्हा टेकवलं, पुन्हा थांबले. तिथे आकड्याची चिठ्ठी ठेवली आणि ठरवलं, इथे जायचं नाही. काकांना विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘काही नाही, सिग्नल होता.’ दुखलं का? ‘कुठे काय दुखलं?’ पुढचे दोन तास मी त्यांच्या मेंदूतून गाठ काढत होतो आणि ते भूलतज्ज्ञ बाईंना आपल्या बदल्यांची हकीकत सांगत होते. एकदाच ‘डोळ्यामागे कळ आली’ म्हणाले, तेव्हा मी कवटीच्या तळाच्या ड्यूराला लागलो होतो.

दहाव्या दिवशी टाके काढायला आले. सिस्टरने चिमटा उचलला तसा त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, ‘डॉक्टर, इथे बधिर करणार ना?’